लीलाबाईंची निळी पट्टी

भोपाळच्या अशोका गार्डन वस्तीत चार तोंडं जमली की कुजबुज एकच: वसंतराव पातुरकरांनी लॅबमधलं सोनं घरी आणलं! बायकोच्या तेराव्याच्या आठवड्यात म्हणे स्टीलचा डबा पोटाशी धरून आले आणि कपाटात कुलूपबंद केला. शेजारच्या मंजूषावहिनींनी तर डब्याचं वजनही सांगून टाकलं. तराजू कुठला, ते विचारू नये.

आता लॅबमध्ये सोनं होतं, हे खरं. पण धुळीहून बारीक. पट्टीचा रंग बदलणारं खरं एन्झाइम तिथल्या उन्हाळ्यात नासतं, म्हणून त्याचं सोंग घेणारे सोन्याचे कण कागदी पट्टीवर बसवायचे. लघवीत किडनीतून पाझरलेलं प्रोटीन असलं की पट्टी निळी. वसंतराव तिथले टेक्निशियन. पट्ट्या त्यांच्या हातच्या. ताडून बघायला एक निरोगी नमुना लागे. तो ते घरून नेत: लीलाबाईंचा.

"अहो, लोक बायकोच्या हातचा डबा नेतात, आणि तुम्ही ही बाटली!" त्या हसायच्या.

मे महिन्यात एका सोमवारी त्यांच्या नमुन्यावर पट्टी निळी झाली. पट्ट्यांचा नवा घाणा काढला, त्यातलीही निळी.

"काका, एकदा काकूंचं चेकअप करून घ्या ना," लॅबच्या क्षितिजा मॅडम म्हणाल्या.

"तिचं? अहो मॅडम, परवाच गच्चीवर पाच किलो गव्हाच्या कुरडया घातल्या तिनं! पट्टीच बिघडलीय."

दोन्ही घाणे रद्द केले आणि तिसऱ्याला नमुना दिला स्वतःचा. पट्टी पांढरीच राहिली. अहवाल झकास गेला. वसंतरावांनी पेढे वाटले.

"माझी बाटली का हो बंद केलीत?"

"तुझं आमच्या पट्टीला मानवत नाही."

"बरं झालं बाई, सुटले!"

संक्रांतीला लीलाबाईंची जोडवी बोटांत रुतली, मग चेहरा सुजला. डॉक्टर म्हणाले, आठ महिने आधी आणलं असतं तर औषधांवर निभावलं असतं. वसंतरावांनी दवाखान्याच्या बाकावर बसून बोटांवर महिने मोजले. पुन्हा मोजले. मेपर्यंतच जात होते. ते त्यांनी लीलाबाईंना कधी सांगितलं नाही, आणि होळीनंतर सांगायला त्या उरल्या नाहीत.

डब्यात चोरीचं सोनं नव्हतं. रद्द केलेल्या दोन घाण्यांतल्या उरलेल्या पट्ट्या होत्या, मॅडमना विचारून आणलेल्या. त्यांतली एकही खराब नव्हती.