तात्या जागेवर जायचे

भांडण घेऊन आलेल्या माणसाला गोविंदतात्या बसायला सांगत नसत. त्याने तोंड उघडलं की तात्या खुंटीवरची टोपी डोक्यावर ठेवायचे आणि म्हणायचे, "चल, जागेवर जाऊन बोलू." वाटेत तो सांगायला लागला की एकच विचारायचे, "बघितलंस की ऐकलंस?" बहुतेकांनी ऐकलेलंच असायचं.

ते शेजारच्या गावचे. मुंबईत नोकरी करून परत आलेले. आमच्या गावात त्यांची ना सोयरीक, ना जमीन. म्हणून कोणाचा हद्दीचा दगडी गडगा सरकला, कोणाचं झाड तुटलं, की गावकीचे पंच त्यांना बोलावायचे. निवाडा ते करत नसत. काय दिसलं तेवढं सांगायचे, पुढचं पंचांचं. हसताना मी त्यांना कधी पाहिलं नाही, आणि आहे ते सांगते, मला ते फारसे आवडतही नसत.

गिरण्यांचा संप चालू होता त्या वर्षी आमच्यावर पाळी आली. आमचे हे मुंबईत अडकलेले. मी एकटीने भाताच्या रोपासाठी तरवा भाजला, म्हणजे जमिनीवर पालापाचोळा पसरून जाळला, आणि पाणी मारून घरी आले. दुपारी वरच्या अंगाला महादेवची काजूची बाग पेटली. संध्याकाळी गाव देवळात जमला. महादेव म्हणाला, आग हिचीच. त्याचं ऐकून बाकीचेही तेच म्हणाले. माझ्या थोरलीचं लग्न लांज्याला ठरत होतं. आगलावीची मुलगी कोण करून घेणार? देवळापासून बाग हाकेच्या अंतरावर, पण तिथे जाऊन बघावं असं एकाही बाप्याला वाटलं नाही.

सकाळी तात्या आले. महादेवला आणि मला पुढे घातलं, मागून पंच. माझा तरवा आणि बाग यांच्या मधे वाळलेलं गवत गुडघाभर उभं होतं. या टोकापासून त्या टोकापर्यंत काडीसुद्धा जळलेली नव्हती. तात्या त्यातून चालत गेले आणि परत आले. "आग हिच्या तरव्यातून गेलेली नाय," एवढंच बोलले.

बागेच्या पलीकडे महादेवच्या गड्यांची चूल होती. मी म्हटलं, तात्या, मग नाव घ्या ना. माझ्याकडे न बघता म्हणाले, "चूल बघितली. चुलीतून आग जाताना नाय बघितली, बाय." अस्सा राग आला मला.

पण त्याहून मोठा राग पुढेच होता. पंच देवळात बसले, आपसात कुजबुजले आणि म्हणाले, वाद वाढवायला नको, दोघांनीही देवापुढे नारळ ठेवून चूक कबूल करावी. महादेव लगेच तयार झाला. त्याचं काय जात होतं?

तात्या उठून उभे राहिले. "मी सांगितलं ते खरं असेल तर हिने नारळ का ठेवायचा? खोटं असेल तर मला कशाला बोलावलंत?"

पंचांचा म्होरक्या म्हणाला, तुमचं काम झालं तात्या, आता गावाचं गावाला बघू द्या.

मी नारळ ठेवला नाही. गावाने आम्हाला वाळीत टाकलं. लावणीला एक माणूस आला नाही. लांज्याचे व्याही मात्र शहाणे. ते आमच्या गावात न विचारता थेट तात्यांकडे गेले. तात्यांनी दिसलं ते सांगितलं, माझी तारीफ वगैरे काही केली नाही. लग्न झालं, गावचं कोणी न येता झालं. आणि तात्यांना आम्ही विकत घेतलं, अशी आवई उठवून पंचांनी त्यांना पुन्हा कधी बोलावलं नाही.

पुढे काही वर्षांनी तात्या वारले. तेराव्याला त्यांच्या घरी तोच म्होरक्या लोकांपुढे बोलायला उभा राहिला. असा खरा माणूस पुन्हा होणे नाही म्हणाला. मी मधेच विचारलं, मग त्याला परत का बोलावलं नाहीस?

एक जण हळूच म्हणाला, "वैनी, आजच्या दिवशी तरी नको."

मग कोणत्या दिवशी, ते अजून मला कोणी सांगितलेलं नाही.