लेच्चेमध्ये भरलेली ओटी

शकुन-अपशकुन, आत्मा वगैरेंवर माझा विश्वास नाही. तेव्हाही नव्हता, आजही नाही... गाड्यांचे ब्रेक डिझाइन करण्यात आयुष्य गेलेला मी इंजिनिअर माणूस. तरीही हे लिहितोय.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आम्ही डेट्रॉइटजवळ नोव्हायला राहत होतो. माझी बायको सुमेधा पहिल्यांदा गरोदर असताना तिची आई बाळंतपणाला यायची होती. तिकीट काढून झालं आणि त्या अचानक गेल्या. पाठोपाठ सुमेधाचं मिसकॅरेज झालं. पुढे आणखी एक. आता तिसऱ्या खेपेला चौथा महिना चालू होता.

शेजारच्या शैलाकाकू म्हणाल्या, "वीकेंडला ओटी भरते ग तुझी, सगळ्यांना इन्व्हाइट करू."

"नको काकू. आईच भरणार होती. आता कोणीच नको."

हेही मूल राहणार नाही, असं तिने मनाशी धरूनच ठेवलं होतं. मला तिची समजूत घालता येत नव्हती, त्याचा फार त्रास व्हायचा.

त्यात इटलीत कंपनीचं काम निघालं. डॉक्टर हो म्हणाले, म्हणून तिलाही नेलं. काम उरकून आम्ही पार दक्षिणेला, लेच्चेला गेलो. पिवळसर, मऊ दगडाचं जुनं शहर. चर्चच्या दर्शनी भिंतीवर फळं, पानं, देवदूत, राक्षस — बोट ठेवायला जागा नाही.

"एवढं कोरून हात नसतील दुखले यांचे?" सुमेधा म्हणाली. बऱ्याच दिवसांनी ती मोकळेपणी बोलली.

दुपारी उन्हाने तिला गरगरायला लागलं. जवळच कागदाच्या लगद्याचे संत बनवण्याचं दुकान होतं, तिथे टेकलो. मूर्ती रंगवणाऱ्या म्हातारीने पाणी दिलं. तिला इंग्लिश येत नव्हतं, आम्हाला इटालियन. सुमेधा साडीत होती, पण पोट अजून दिसत नव्हतं — हे मुद्दाम सांगतोय.

निघताना म्हातारीने सुमेधाचा पदर स्वतःच पुढे ओढून पसरला. आतून ओंजळभर गहू आणून त्यात घातले. वर बदाम, एक लिंबू, कापडाचा तुकडा. मग त्यातलेच चार दाणे परत उचलून घेतले. असेल यांच्याकडेही अशी पद्धत, म्हटलं.

गल्लीच्या टोकाशी पोचतो तर मागून हाक. म्हातारी धापा टाकत आली. लाल रंगाचं बोट तिने सुमेधाच्या कपाळाला टेकवलं, काहीतरी विसरल्यासारखा स्वतःच्या कपाळावर हात मारला आणि हसत परत गेली.

सुमेधा भर रस्त्यात रडायला लागली. मी घाबरलोच.

"अहो, आई अशीच... ओटी भरताना दर वेळी कुंकू विसरायची. मी दाराबाहेर पडले की मागून पळत यायची."

मुलगी झाली. दिवस पूर्ण भरून, धडधाकट.

मी नंतर पुष्कळ विचार केला. गहू-बदाम देण्याची तिकडे रीत असेल. घामाने सुमेधाची टिकली पडली होती, ते म्हातारीने पाहिलं असेल. एकेका गोष्टीचं उत्तर देता येतं... पण सगळं मिळून काय झालं, ते मला आजही सांगता येत नाही.

सुमेधाला मात्र असले प्रश्न पडले नाहीत. हॉस्पिटलमधून घरी आल्यावर मुलीला मांडीवर घेऊन ती एवढंच म्हणाली, "आईला यायला जरा उशीर झाला."