आपोआप भरणारा रांजण

जुना जालना भागातल्या समस्त रहिवाशांना, तसेच वडीगोद्रीपासून वाटूरपर्यंत ज्यांनी ज्यांनी आमच्या रांजणाचं पाणी घशाखाली उतरवलं त्या सर्व तहानलेल्या जनांना, जड अंतःकरणाने आणि पूर्ण शुद्धीत जाहीर करण्यात येते की, कापडाचे व्यापारी आणि माझे बालमित्र कैलासवासी अंबादासशेठ हे एक नंबरचे दगाबाज गृहस्थ होते. गेलेल्या माणसाबद्दल असं लिहिणं बरं दिसत नाही, हे मला कळतं. पण माझ्याकडे पुरावा आहे, आणि तो मी स्वतःच्या पायाने तपासून पाहिला आहे.

बातमी मला रांजणानेच दिली. उन्हाळा नुकता तापू लागला होता. मी सकाळी माझ्या दुकानाकडे निघालो होतो आणि रोजच्यासारखा अंबादासच्या दुकानाबाहेरच्या रांजणापाशी थांबलो. पाणी काढायचं लांब दांड्याचं ओगराळं आत घातलं तर ते बुडाशी खणकन वाजलं. रांजण कोरडा! इतक्या वर्षांत असं कधी घडलं नव्हतं. आतल्या माझ्या यंत्राची सुई अडकली असणार, असं म्हणत मी बाह्या सरसावल्या, तेवढ्यात रिक्षावाले शब्बीरभाई समोर आले. त्यांनी माझ्या हातातलं ओगराळं काढून घेतलं आणि म्हणाले, "शेठ गेले, भाऊ. पहाटे झोपेतच..."

आता या रांजणाबद्दल सांगितलं पाहिजे, कारण तो माझा शोध होता. माझं स्कूटर-मोटारसायकलच्या सुट्या भागांचं दुकान आहे. कार्बोरेटरच्या पोटात एक तरंगता गोळा असतो. पेट्रोल चढलं की गोळा चढतो आणि त्याला जोडलेली सुई पेट्रोलची वाट बुजवते. पेट्रोल उतरलं की वाट पुन्हा मोकळी. कुणी हुकूम द्यायला नको, कुणी राखण करायला नको. ही करामत काही कालची नव्हे. दोन हजार वर्षांपूर्वी इजिप्तच्या किनाऱ्यावर एका न्हाव्याच्या मुलाने पाण्याच्या घड्याळात असाच तरंगता अडसर बसवला होता म्हणतात. पुढे वाफेच्या इंजिनावर दोन लोखंडी गोळे गरगर फिरायला लागले. इंजिन उधळलं की ते बाहेर फाकायचे आणि वाफेची वाट आवळायचे. हे सगळं मी अंबादासच्या गादीवर बसून, हातवारे करत, गिऱ्हाइकांच्या साड्या बाजूला सारत सांगत असे. अशाच एका उन्हाळ्यात मी जाहीर केलं की त्याच्या पाणपोईचा रांजण आता स्वतःचं स्वतः भरेल. छतावरच्या टाकीतून नळी आणली, तांब्याचा पोकळ गोळा बसवला, सुई घासली. रांजण काठापर्यंत भरला आणि पाणी आपोआप थांबलं. मी गल्लीभर पेढे वाटले.

अंबादासला सगळ्यात आवडायची ती एका पोराची गोष्ट. सुरुवातीच्या एका वाफेच्या इंजिनावर तोट्या उघडायला आणि बंद करायला म्हणे एक पोरगं ठेवलं होतं. ते कंटाळलं. त्याने इंजिनाच्या हलत्या दांड्याला दोऱ्या बांधून त्या तोट्यांना अडकवल्या आणि खुशाल खेळायला निघून गेलं. इंजिन स्वतःच स्वतःच्या तोट्या फिरवत बसलं! खरं-खोटं देव जाणे. पण अंबादास दर दोन-चार दिवसांनी म्हणायचा, "इंजनेर, त्या पोराचं सांग ना एकदा." आणि मी सांगितलं की डोळ्यांना पाणी येईपर्यंत हसायचा. गादीवर बसलेली गिऱ्हाइकंही हसायची. माझी सांगण्याची हातोटीच तशी, असं मी समजत होतो.

फक्त एका गोष्टीचा सल होता. उन्हाळा लागला की अंबादास गादीवरून हलायचा नाही. भर लग्नसराईत कुणाकडे जेवायला नाही, गावी जत्रेला नाही. माझ्या मुलीचं लग्न वाटूरला होतं, वैशाखात. ज्या पोरीला त्याने खांद्यावर बसवून सर्कस दाखवली, तिच्या लग्नाला हा आला नाही! त्याच्या पत्नी सुमनवहिनी एकट्याच आल्या. मी नंतर जाब विचारला तर म्हणाला, "दुकान सोडता येईना रे." मी म्हटलं, ठीक आहे, चार साड्या जास्त विकायच्या असतील. पुढे कितीतरी दिवस मी त्याच्याशी बोललो नाही, आणि मी न बोलणं म्हणजे काय ते मला ओळखणाऱ्यांना ठाऊक आहे.

शोकसभेत मात्र मी सगळं विसरून बोललो. आवाज खोल नेला, एक हात छातीवर ठेवला आणि म्हणालो, "धन्याने प्राण सोडला आणि त्याच क्षणी त्या मुक्या यंत्रानेही धार थांबवली!" समोर बसलेल्या माणसांच्या माना खाली गेल्या. शेजारचे आडतवाले उपरणं तोंडात धरून बसले. शब्बीरभाईंचे खांदे गदगदत होते. मला वाटलं, काय जीव लावला होता या माणसाने...

तेरवी झाली, दुकान उघडलं, आणि मी पाने-पक्कड घेऊन रांजण दुरुस्त करायला गेलो. झाकण काढलं. गोळा होता, पण तारेने कडेला बांधून ठेवलेला. हलवला तर आत पाणी डुचमळलं. सुई नव्हतीच, तिच्या जागी क्षाराचा पांढरा खडा. म्हणजे हे यंत्र परवा नव्हे, कैक वर्षांपूर्वीच वारलं होतं. मी नळी हाताने चाचपत मागे मागे गेलो. ती भिंतीतून आत शिरली आणि थेट अंबादासच्या गादीखाली आली. तिथे स्प्रिंगची एक तोटी होती आणि तिच्यावर लाकडाची फळी. दाबलं की पाणी सुरू, सोडलं की बंद. फळी मधोमध झिजली होती. पायाच्या अंगठ्याची खळी वेगळी दिसत होती.

वहिनी चहा घेऊन आल्या आणि मला गादीखाली पालथा पडलेला पाहून म्हणाल्या, "सापडलं का?"

"वहिनी, हे काय आहे?"

"तुमचा गोळा पैल्याच हप्त्यात बुडाल्ता, भाऊजी. रातभर पानी वाहून आडतीतली पोती भिजल्ती. मी म्हनले, सांगून टाका. तर हे म्हनले, त्यानं आत्ता पेढे वाटले, तेवढे पचू दे, मंग सांगू."

"मग सांगितलं का नाही?"

"तुम्ही पेढे वाटायचे थांबलातच न्हाई."

त्यांनी कप खाली ठेवला आणि बाकीचंही सांगितलं. पाणी कमी झालं की लोक ओगराळं दोनदा काठावर वाजवायचे आणि अंबादास आतून पाय दाबायचा. मला ती या गल्लीची रीत वाटत होती. पाहुण्यांना मी सांगायचो, बघा, आमच्याकडे पाणी पिऊन ओगराळं झटकतात, केवढी स्वच्छता! सगळ्या गल्लीला माहीत होतं. मला सोडून.

"आन् लग्नाचं मनात धरू नका," वहिनी म्हणाल्या. "वऱ्हाडाची गाडी जाताजाता रांजण बघायला थांबनार, असं तुम्हीच ठरवल्तं. व्याह्यांसमोर कोरडा निघाला असता तर? मला म्हनले, तू जा, मी पाय देतो."

मी गादीखालून बाहेर सरकलो आणि कप उचलला. मला फसवलं गेलं, हे मला आजही तसंच टोचतं. माझा गोळा बुडाला, हे मला कळायला हवं होतं. मी दुसरा केला असता, तिसरा केला असता. जाड पत्र्याचा, सांध्यांना चांगला डाग दिलेला. इंजिनापाशी दोऱ्या बांधून मोकळ्या झालेल्या पोराची गोष्ट मी ज्याला हसून हसून सांगत होतो, तो माझ्यासमोर बसून, पाय फळीवर ठेवून, स्वतःला इंजिनाला बांधून घेत होता. आणि माझ्या मुलीच्या डोक्यावर पडायच्या त्याच्या अक्षता त्याने या तोटीपायी चुकवल्या. माझ्या डोळ्यांत धूळ फेकायला याला किती उन्हाळे घालवावेसे वाटले! भांडायचं तर आता गादी रिकामी... मी उठून तिच्यावर बसलो. उशीला अजून त्याच्या पाठीचा खड्डा होता. डावा पाय आपसूक खाली गेला आणि अंगठा त्या खळीत बसला. खळी मला थोडी मोठी होत होती.

वहिनींनी सकाळीच दोन घागरी रांजणात ओतल्या होत्या, त्या संपत आल्या असाव्यात. बाहेर एक रिक्षा थांबली. ओगराळं काठावर दोनदा वाजलं. पुन्हा दोनदा वाजलं. मी पाय दाबला. नळी गुरगुरली, आणि भिंतीपलीकडे रांजणात धार पडल्याचा आवाज आला. जरा जास्तच जोरात पडली असावी, कारण बाहेरून कुणीतरी मागे उडी मारल्यासारखं वाटलं, आणि मग शब्बीरभाईंचा सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा आवाज आला:

"भाभी, आज पाय कोनाचा हाय?"