बियांच्या पाळतीवर

माझ्या साडूंचा देवापेक्षा सेन्सरवर जास्त विश्वास आहे, असं मी म्हटलं तर ते मान्य करणार नाहीत. ‘जास्त म्हंजे किती, पाव्हणं?’ असं विचारतील, आणि मी ते मोजलेलं नसल्यामुळे मलाच गप्प बसावं लागेल. जे मोजलं नाही ते घडलंच नाही, अशी त्यांची साधी सरळ श्रद्धा आहे. ते माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे आमच्या आक्कांचे यजमान. मूळचे सातारा जिल्ह्यातले, राहायला खारघरला, आणि नावड्याला एका गाळ्यात त्यांचा कारखाना. आता त्यांचा धंदा काय, ते सांगायला हवं, कारण ते स्वतः सांगायला लागले तर तुमचा चहा गार होईल. ट्रॅक्टरमागे पेरणी यंत्र लावतात आणि त्याच्या नळ्यांमधून बी जमिनीत पडतं. एखादी नळी चिखलानं तुंबली तर ट्रॅक्टरवाल्याला पुढे बसून ते कळत नाही, आणि तेवढी ओळ रिकामी जाते. साडू प्रत्येक नळीत एक बारीकसा डोळा बसवतात. बी पडायचं थांबलं की ट्रॅक्टरवाल्याच्या गुडघ्यापाशी लावलेल्या डब्यावर नळीचा नंबर उमटतो आणि डबा कोकलायला लागतो. कापणीच्या यंत्रासाठीही त्यांनी असाच एक डबा केला आहे. भुशाबरोबर मागून किती दाणे वाया चालले, ते तो सांगतो. थोडक्यात, उभा महाराष्ट्र झोपला तरी बियांवर नजर ठेवायला साडू जागे आहेत.

खारघरच्या ज्या इमारतीत ते राहतात तिथे जिम आहे, खाली लॉन आहे, आणि तुळशीपलीकडे कुणी काही पेरल्याचं ऐकिवात नाही. अशा ठिकाणी साडूंनी बाल्कनीत एक नळी उभी बांधली आहे. कारखान्यातून आल्यावर हातपाय धुतात आणि नळीतून सोयाबीन सोडत बसतात. खाली परात, नळीला डोळा, मांडीवर डबा. बी परातीतून उडतं आणि घरभर पसरतं. आक्कांच्या घरी सोफ्यात मका सापडतो, उशीच्या अभ्र्यात हरभरा सापडतो, आणि एकदा तर माझ्या बुटात मूग सापडले, तेही मी घरी पोचल्यावर. या सगळ्याची बातमी सेक्टरमधल्या कबुतरांना लागायला वेळ लागला नाही. सोसायटीचे सेक्रेटरी तक्रार घेऊन आले तेव्हा मी तिथेच होतो. ‘काका, सगळी विंग कम्प्लेंट करतेय. कपडे वाळत घालायची सोय नाय राहिली. कबुतरांचं काय ते बघा ना.’ साडूंनी त्यांना प्रेमानं खुर्ची दिली आणि म्हणाले, ‘त्यांचंच बघतोय. डबा म्हणतो बी पडलं न्हाई, आन् कबुतरं तर खात्यात. म्हंजे डब्यात फॉल्ट हाय.’ सेक्रेटरी चहा पिऊन गेले. पुढच्या मीटिंगला त्यांनी हा विषय घेतलाच नाही म्हणतात.

माणूस ओळींमध्ये विचार करू लागला की त्याला सगळीकडे ओळीच दिसतात. माझ्या पुतणीच्या लग्नात मंगलाष्टकं चालली असताना साडू टाचा उंचावून अक्षता कुठे कुठे पडतात ते बघत होते. मुहूर्त झाला, वाजंत्री वाजली, मी डोळे पुसत होतो, तर हे माझ्या कानाशी येऊन म्हणाले, ‘नवऱ्याकडची बाजू इरळ झाली, पाव्हणं. नवरीकडं मात्र दाट पेर.’ पंगतीत बसले की त्यांचं लक्ष पानात नसतं, वाढप्यावर असतं. कुणाला लोणचं राहिलं, कुणाला मठ्ठा पोचला नाही, हे वधूपित्याच्या आधी त्यांना कळतं, आणि ते भर पंगतीत ‘तिसरी नळी बंद’ असं ओरडतात. ज्याला मीठ मिळालेलं नाही तो बिचारा इकडेतिकडे बघत राहतो. ‘गप जेवा हो,’ असं आक्का म्हणतात. आक्कांच्या संसारातलं हे सर्वांत जास्त वापरलेलं वाक्य असावं.

घरात तर विचारायलाच नको. फ्रिजचं दार उघडं राहिलं की वाजतं, गॅलरीतला नळ गळला की वाजतं, बिछान्यावरून कुणी उठलं की वाजतं. हा शेवटचा प्रयोग आक्कांनी एका दिवसात मोडून काढला. दूध उतू जाण्याआधी वाजणारं यंत्र साडूंनी मोठ्या उमेदीनं केलं होतं. ते दाखवायला आम्हाला सहकुटुंब बोलावलं. आम्ही सगळे ओट्याभोवती जमलो, साडू यंत्राची माहिती देऊ लागले, यंत्र वेळेवर वाजलं, ‘बघितलंत?’ असं त्यांनी विचारलं, आम्ही सगळ्यांनी मनापासून होकार दिला, आणि दूध खुशाल उतू गेलं. गॅस बंद करणं हे यंत्राचं काम नव्हतं आणि आमच्यापैकी कुणाच्या ते ध्यानात आलं नाही. साडूंच्या मते तो प्रयोग पूर्ण यशस्वी झाला.

इतकं सगळं असलं तरी या माणसाला जन्मात एकच गोष्ट हवी होती, आणि ती त्यांना मिळत नव्हती. गावाकडे त्यांचे थोरले भाऊ शेती करतात. सगळे त्यांना दादा म्हणतात. साडूंचे डबे विदर्भात गेले, मराठवाड्यात गेले, लोकांनी फोन करून शाबासकी दिली. पण दादांनी एक शेत तरी तो डबा चालू ठेवून पेरावं, एवढीच त्यांची इच्छा होती. दरवर्षी मृगाच्या सुमाराला साडू डबा घेऊन जायचे, स्वतः बसवून द्यायचे, आणि पहिलं वळण घ्यायच्या आत दादा त्याची वायर उपटून ठेवायचे. ‘कानाशी किरकिर नगं. बी पडतंय का न्हाई ते मला ऐकाय येतं.’ ट्रॅक्टरच्या घरघरीत नळीतलं बी कसं ऐकू येतं, हे विचारायची कुणाची प्राज्ञा नव्हती. या घराण्यात थोरल्यांनी लगेच उत्तर द्यायचं नाही अशी रीतच आहे. धाकट्यानं विचारावं, थोरल्यानं लांब कुठेतरी बघावं, मनाला आलं तर संध्याकाळी उत्तर द्यावं. साडू घरी परत आले की आठ दिवस बाल्कनीतली कबुतरं उपाशी असायची.

गेल्या वर्षी ते मला बरोबर घेऊन गेले. गाडी माझी होती, हे कारण त्यांनी लपवलं नाही. आम्ही शेतावर पोचलो, साडूंनी डबा बसवला आणि बांधावर येऊन माझा दंड धरून उभे राहिले. ट्रॅक्टर निघाला. पहिलं वळण झालं, दुसरं झालं, दादांनी वायरीला हात लावला नाही. ‘काढलं न्हाई, पाव्हणं. काढलं न्हाई त्यानं,’ साडू म्हणाले, आणि त्यांचा आवाज असा झाला की मी गडबडीनं माझ्या बुटांना लागलेल्या चिखलाकडे बघू लागलो.

तिसऱ्या वळणावर डबा कोकलला. जमीन ओली होती, कुठलीतरी नळी तुंबली असणार. साडूंचा चेहरा उजळला, कारण याच क्षणासाठी त्यांनी डबा केला होता. पण दादा थांबले नाहीत. मान जराशी मागे वळवून, ऐकल्यासारखं करत, ते पुढे चालले. डब्यावरचा नंबर बघायला चष्मा लागतो आणि चष्मा घालून पेरणी करणं दादांना कमीपणाचं वाटतं. डबा ओरडतोय, ट्रॅक्टर चाललाय, ओळीमागून ओळ रिकामी जातेय. साडूंना वाटलं, दादा मुद्दाम करतायत. ‘बघा की, माझ्यावर खुन्नस काढतोय,’ असं म्हणून त्यांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि ट्रॅक्टरमागे पळत सुटले. ‘दादा, थांब की. अरं, वाजतंय ते.’ दादांनी मागे पाहिलं नाही.

दादांच्या पत्नी, म्हणजे वहिनी, न्याहारी घेऊन आल्या होत्या आणि माझ्याजवळ उभ्या होत्या. साडू धापा टाकत परत आले तेव्हा त्यांनी पदर सावरला आणि हळूच म्हणाल्या, ‘भावजी, वरडू नगा. त्यास्नी ऐकाय येत न्हाई. वरीस झालं. कुनाला सांगायचं न्हाई, म्हनत्यात.’ वर्षभर त्या घरात दादा कुणाला उत्तर देत नव्हते आणि सगळे समजत होते की दादा आहेत, असेच वागायचे. रीतच तशी असल्यामुळे कुणाला शंकाही आली नव्हती. साडू चिखलानं भरलेले पाय तसेच ठेवून बांधावर बसले.

दादा बांधाशी आले, इंजिन बंद केलं आणि धाकट्या भावाकडे बघून हसले. डबा त्यांच्या गुडघ्यापाशी जीव तोडून कोकलत होता. दादा म्हणाले, ‘ब्येस हाय की रं तुझं यंत्र. येकदा बी वाजलं न्हाई.’ साडू उठले. त्यांनी वायर हातानं काढली, भावाच्या तोंडासमोर उभं राहून मोठ्यानं म्हणाले, ‘कसं वाजंल, दादा? समद्या नळ्या चालू हायत,’ आणि बोल्ट आवळायच्या निमित्तानं मागे जाऊन नळीतला चिखल काढला.

परतीच्या वाटेवर त्यांनी माझ्या गाडीच्या एकाही आवाजावर टीका केली नाही, तेव्हाच मला काळजी वाटली होती. घाट उतरल्यावर ते म्हणाले, ‘पाव्हणं, आठवड्यानं बी उगवंल. रिकाम्या ओळी दादाला दिसल्याबिगर ऱ्हायच्या न्हाईत. मग त्याला कळंल, डबा वाजला हुता आन् आपल्याला ऐकाय आलं न्हाई.’ त्यावर उपाय त्यांना एकच सुचला होता. डबाच बिघडला होता, असं जाऊन सांगायचं. नातेवाइकांसमोर, गिऱ्हाइकांसमोर आपल्या डब्याबद्दल वावगा शब्द खपवून न घेणारा हा माणूस आठवडाभर खोटं बोलायची तालीम करत होता. आक्का मला फोनवर म्हणाल्या, ‘आरशासमोर उभं राहून बोलतात हो. मला भीती वाटते.’

आठवड्यानं पुन्हा मीच गाडी काढली. आम्ही भल्या सकाळी शेतावर पोचलो, तर दादा आमच्या आधी तिथे होते. हिरव्या रेघांच्या मध्ये काही पट्टे उघडे पडलेले, आणि दादा वाकून त्यांतल्या एका पट्ट्यात हातानं बी टोकत होते. साडू त्यांच्यापाशी गेले आणि कानाशी तोंड नेऊन ओरडले, ‘दादा, माझ्या यंत्रात फॉल्ट हुता. त्याला दिसलंच न्हाई. भिकार यंत्र हाय.’ दादांनी लांब कुठेतरी पाहिलं. मला वाटलं आता संध्याकाळशिवाय उत्तर नाही. पण ते म्हणाले, ‘यंत्राला नावं ठिवू नगंस. ते वाजलं आसंल. मला ऐकाय येत न्हाई आता.’ मग त्यांनी ओंजळभर बी साडूंच्या हातात दिलं. दोघं भाऊ शेजारशेजारच्या पट्ट्यांत वाकले आणि दुपारपर्यंत टोकत राहिले. मी बांधावर बसलो होतो. बी टोकायला मला कुणी बोलावलं नाही, आणि बोलावलं असतं तरी मला धड डोळ्यांसमोरचं दिसत नव्हतं.

आता दादांसाठी नावड्याच्या गाळ्यात न वाजणारा डबा तयार होतोय. नळी तुंबली की मोठा दिवा लागेल, चष्म्याविना दिसेल असा. परवा मी तिथे गेलो तेव्हा साडू तो दिवा लावून बघत होते. मी म्हटलं, ‘अखेर दादांनी यंत्राला चांगलं म्हटलं ना हो?’ त्यांनी दिवा विझवला, पुन्हा लावला. मग म्हणाले, ‘यंत्रच बिघडल्यालं आसतं, तर किती बरं झालं आसतं, पाव्हणं.’