दर पाच हजारांनी

जावई चष्म्याच्या दुकानात कामाला होता. फ्रेमच्या मापाने काच कापायची, कडा यंत्रावर घासून गुळगुळीत करायच्या, मऊ फडक्याने पुसून चष्मा गिऱ्हाइकाच्या नाकावर चढवायचा आणि विचारायचं, "आता नीट दिसतंय ना?" दिवसभर हेच. त्यामुळे त्याचे हात कायम स्वच्छ असत, आणि सासऱ्यांचा पहिला राग त्या हातांवरच होता.

सासरे बस डेपोच्या वर्कशॉपमध्ये फोरमन होते. निवृत्त होऊन कितीतरी वर्षं झाली तरी शेजारीपाजारी त्यांना फोरमनच म्हणत, आणि पाठीमागे मुलगीसुद्धा. बायको गेल्यापासून एकटे राहत. त्यांनी कशाला जीव लावला असेल तर तो आपल्या राखाडी मोटारीला. गाडी जुनी, चौकोनी तोंडाची, पण पत्र्यावर एक ओरखडा नाही आणि इंजिन असं चालायचं की शेजारी उभ्या असलेल्या माणसाला कळू नये. पुढे फोरमनच्या एका डोळ्याची नजर गेली आणि गाडी चालवणं बंद झालं. विकायचं नाव काढलेलं त्यांना खपेना. शेवटी गाडी मुलीच्या दारात आली, किल्ली जावयाच्या हातात पडली.

"जावईबापू," किल्ली देताना फोरमन म्हणाले, "दर पाच हजारांनी ऑइल बदलायचं. पाच हजार एक झाले की गाडी परत नेईन. आणि मुलगीही."

सगळे हसले. जावईही हसला. त्याला वाटलं, थट्टा आहे.

दर रविवारी फोरमन बसने यायचे. चहाला हात लावायच्या आधी बॉनेट उघडायला लावायचे. ऑइल मोजायची पट्टी बाहेर ओढायची, टोकावरचा थेंब दोन बोटांत चोळायचा, नाकाशी धरायचा. मग आत वाकून किलोमीटरचा आकडा वाचायचा. जावई बाजूला उभा. वर्गाबाहेर काढलेल्या पोरासारखा.

एकदा त्याने धीर करून म्हटलं, "मामा, गाडीच्या पुस्तकात दहा हजार लिहिलंय."

फोरमननी बॉनेट हलकेच लावलं. खालच्या मजल्यावरचे दोघं-तिघं ओट्यावर बसले होते, त्यांना हाक मारली. "अहो, इकडे या जरा. आमच्या जावईबापूंनी पुस्तक वाचलंय." ती माणसं खरंच आली. मग फोरमन त्यांना सांगायला लागले की पुस्तक लिहिणाऱ्याला पुढची गाडी विकायची असते, गावातल्या गावात पळणाऱ्या गाडीचं इंजिन धड तापत नाही, त्यात धूळ, त्यात वय, अशा गाडीला दहा हजार म्हणजे विष. बोलणं खोटं नव्हतं, हीच तर अडचण होती. "पण हे कळायला नखात काळं जावं लागतं," ते म्हणाले आणि जावयाचा हात मनगटाला धरून वर केला. "हे बघा. बायकांचे तरी इतके गोरे असतात का?"

असं वर्षानुवर्षं चाललं. एका वर्षी दुकानात कामाची फार गर्दी होती, सुट्टी मिळाली नाही आणि आकडा पाच हजारांच्या थोडा पुढे गेला. नेमके त्याच रविवारी दुकानाचे मालक पहिल्यांदा घरी चहाला आले होते. निघताना सगळे खाली अंगणात उभे होते. फोरमननी पट्टी ओढली, आकडा पाहिला. जावयाकडे हात करून म्हणाले, "फडकं."

"वर राहिलं. आणतो."

"कशाला त्रास घेता," फोरमन म्हणाले, आणि ती तेलकट पट्टी जावयाच्या पांढऱ्या शर्टावर, छातीच्या मधोमध, आधी एका बाजूने आणि मग दुसऱ्या बाजूने शांतपणे पुसली. "आता पुसत बसा. पुसण्यातच हयात गेली तुमची."

मालक हसले. पोरं हसली, आणि त्यांच्यात त्याची स्वतःची मुलगीही होती. शर्ट टाकून देता आला. मुलीचं ते हसणं मात्र त्याच्या कानातून गेलं नाही. बायको तेवढी हसली नाही, ती पाठ फिरवून जिना चढून गेली.

थंडीच्या दिवसांत फोरमनना झटका आला. उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. "बा, बा" एवढाच आवाज निघायचा. मान हलायची, पण होला नाही आणि नाहीला हो. डॉक्टरांनी जावयाला बाजूला घेऊन सांगितलं, "त्यांना सगळं कळतंय बरं का. ऐकू येतंय, समजतंय. फक्त शब्द सापडत नाहीत. त्यांच्याशी बोलत राहा."

जावई बोलत राहिला.

फोरमनचा पलंग मुलीच्या घरी बाहेरच्या खोलीत लागला. जावयाने कशाला म्हणून कमी केलं नाही. दाढी करायची, अंग पुसायचं, चादर बदलायची, सगळं तो करायचा. शेजारी म्हणायचे, पोटच्या मुलाने इतकं केलं नसतं. आणि दर रविवारी तो सासऱ्यांना उचलून गाडीत पुढच्या सीटवर बसवायचा, पट्टा लावायचा आणि फिरवून आणायचा.

निघण्याआधी तो बॉनेट उघडायचा, पट्टी काढायचा आणि खिडकीतून त्यांच्या नाकासमोर धरायचा.

"मामा, पाच हजार होऊन गेले. ऑइल बदलायचं ना? तुम्ही हो म्हणा, आत्ता बदलून आणतो."

"बा," फोरमन म्हणायचे. "बा, बा."

"नको? बरं. तुम्ही म्हणाल तसं. गाडी तुमची आहे."

पहिल्या वेळी हे त्याच्या तोंडून नकळत गेलं. दुसऱ्या रविवारी तो ठरवून म्हणाला. त्यानंतर तो आठवडाभर रविवारची वाट बघू लागला. दुकानात काचा घासताना त्याच्या ओठांवर हसू यायचं, आणि सोबतचे लोक विचारायचे, काय राव, खुशीत दिसताय.

इंजिन जुनं, थोडं ऑइल पिणारं. फोरमनच्या हाताखाली होतं तोवर त्याला कधी कमी पडलं नव्हतं. आता पट्टीवरची ओली रेघ खाली खाली सरकत गेली, तिचा रंग मधासारखा होता तो डांबरासारखा झाला. मग आवाज सुरू झाला. आधी सकाळी चालू करताना नुसती टकटक, पुढे चढावर, नंतर कायमची. ज्याला ठाऊक नाही त्याला वाटेल, जुनी गाडी आहे, वाजणारच. फोरमनना ठाऊक होतं. ते डाव्या हाताने डॅशबोर्डवर थापा मारायचे आणि चांगल्या डोळ्यातून पाणी वाहायचं. सिग्नलला थांबल्यावर बाजूचे लोक कौतुकाने बघायचे, म्हातारा मजेत ठेका धरतोय.

एक दिवस वळणावर ऑइलचा लाल दिवा लुकलुकला. जावयाने गाडी कडेला घेतली, सासऱ्यांचा चष्मा काढला, खिशातल्या फडक्याने पुसला, परत चढवला.

"आता नीट दिसतंय ना, मामा?"

कधी कधी त्यालाच आपली भीती वाटायची. अंग पुसताना ती वाळकी मान दिसली की तो ठरवायचा, बस झालं, उद्या मेकॅनिकला बोलावतो. तेवढ्यात फोरमन डोळा वळवून त्याच्याकडे बघायचे. त्या नजरेत विनवणी नसायचीच. अंगणात आकडा वाचून झाल्यावर जसं बघायचे तसंच बघायचे. मग उद्याचा मेकॅनिक राहून जायचा.

उन्हाळा सुरू झाला तेव्हा एका रविवारी बायको म्हणाली, मीही येते. ती मागे बसली. गाडी पाण्याच्या टाकीकडच्या चढाला लागली. टकटकीचे घाव झाले, खालून कुणी हातोडा मारावा तसे. मग लोखंडावर लोखंड घासल्याचा लांबलचक आवाज आला आणि गाडी जागच्या जागी अडकून बंद पडली. फोरमनच्या तोंडून जे निघालं ते त्यांच्या "बा" सारखंही नव्हतं.

ओढून न्यायला आलेल्या मेकॅनिकने पट्टी काढून बघितली. टोकाला कोरडी काळी पुटं.

"इंजिन गेलं. आता भंगारातच. यात ऑइल कधी टाकलं होतं?"

जावयाने उत्तर तयार ठेवलं होतं, पण त्याच्या आधी बायको बोलली. "वडील आजारी पडले ना. त्या गडबडीत राहूनच गेलं हो." इतक्या सहज, की मेकॅनिक हळहळला.

घरी आल्यावर, फोरमनना निजवून, दोघं स्वयंपाकघरात आली. ती भांडी विसळायला लागली.

"मला आवाज कळत होता," ती पाठमोरीच म्हणाली.

"कधीपासून?"

"थंडी सरायच्या आधीपासून. त्या इंजिनाखाली लहानाची मोठी झाले मी. बाबा ऑइल बदलायचे तेव्हा खाली पडून बॅटरी आई धरायची, तिची कंबर गेल्यावर मी. उजेड जरा हलला की पाना बोटांवर बसायचा." तिने ओला हात पुढे केला. करंगळी मधल्या पेरात वाकडी होती. लग्न झाल्या झाल्या त्याने विचारलं होतं, तेव्हा तिने दारात सापडली म्हणून सांगितलं होतं.

"मग तू मला काही बोलली का नाहीस?"

"तुम्ही करत होता की सगळं. मला कशाला हात काळे करायला लागत होते?"

तिने नळ बंद केला. जावई तिथेच स्टुलावर बसला. इतके महिने त्याला वाटत होतं, ही एक गोष्ट तरी आपली स्वतःची आहे. घरात कुणाला ठाऊक नाही, कुणी शिकवली नाही, कुणी सांगितली नाही. आता कळलं की मागे उभं राहून कुणीतरी ती सबंध वेळ बघत होतं आणि त्याला करू देत होतं. त्याला पहिल्यांदा सासऱ्यांची कीव आली, पण आता तिचा काही उपयोग नव्हता.

गाडी भंगारवाल्याने नेली. फोरमन त्यानंतर बरेच जगले. जावयाच्या हातचं मात्र त्यांनी सोडलं. तो वाटी घेऊन आला की ते दात घट्ट आवळायचे, डाव्या हाताने वाटी उडवायचे, खोलीभर पेज सांडायची. दाढीला बसला तर मान झाडायचे. सगळा राग त्याच्यावर, सगळा दोष त्याचा, इतकं त्यांना स्पष्ट समजलेलं होतं.

मुलीवर त्यांचा विश्वास होता. ती शेजारी बसली की त्यांचा चेहरा सैल व्हायचा आणि तोंड आपोआप उघडायचं. ती सावकाश भरवायची, प्रत्येक घासाच्या आधी फुंकर घालायची. वाकडी करंगळी वाटीबाहेर राहायची. हनुवटीवर ओघळलेलं पदराने टिपून म्हणायची, "अजून एक घ्या, बाबा." आणि फोरमन तिच्या तोंडाकडे बघत, भरल्या डोळ्यांनी, तो घास गिळायचे.