फेरूजाची चिमूट

आमच्या डोंगरावरच्या गावात फेरूजाला सगळे खाल्ती म्हणतात, म्हणजे मावशी. माझ्या नवऱ्याची ती सख्खी मावशी. त्याची आई लवकर गेली, हिनेच त्याला वाढवलं, त्यामुळे माझ्यासाठी ती सासूच. मी खालच्या गावातल्या शाळेत फ्रेंच शिकवते. नवरा दक्षिणेत, वाळवंटात तेलविहिरींवर असतो. आमची तनिना दिवसभर खाल्तीकडेच असते. तनिना पाच वर्षांची आहे आणि साडेतीनची दिसते.

खाल्तीचं आयुष्य खापरांभोवती गेलं. खापर म्हणजे गव्हाच्या रव्याची भाकरी भाजायचा मातीचा तवा, जाड आणि पसरट. लग्न होऊन आली तेव्हा आईने दिलेली दोन खापरं घोंगडीत गुंडाळून गाढवावर आणली. चढावर गाढव दमलं, तेव्हा नवरीला खाली उतरवलं पण खापरं उतरवली नाहीत, हे ती अजून हसत सांगते. नवरा फ्रान्सच्या कारखान्यात गेला, तिथून खोकला घेऊन आला आणि फार दिवस राहिला नाही. मग ओढ्याकाठची माती आणायची, फुटक्या खापरांचा चुरा तीत मळायचा, उन्हाळ्यात उघड्यावर जाळ करून भाजायचं आणि बाजाराच्या वाटेवर विकायला बसायचं. माझ्या नवऱ्याचं शिक्षण त्या खापरांवर झालं. आता घरोघरी नॉनस्टिक तवे आलेत.

"त्याला म्हणे काही चिकटत नाही," ती म्हणते. "माया तरी कशी चिकटणार मग?"

तिच्याकडून खापर नेणाऱ्या नव्या सुनांना ती दम देऊन सांगायची. तापलेल्या खापरावर पाण्याचा थेंब पडू द्यायचा नाही, तडकतं. गॅसवर ठेवायचं तर खाली लोखंडी पत्रा हवा. आणि साबण अजिबात नाही, कोरड्या फडक्याने पुसायचं. "माती पिते, बाई. साबण लावलास तर महिनाभर नवऱ्याला साबणाची भाकरी घाल."

वसंतात तनिनाचं पोट फुगलेलं आणि हातपाय काड्यांसारखे होते. शेजारणी माझ्याकडे बघत आणि आपापसात म्हणत, शिकलेल्या आयांना स्वयंपाकाला वेळ कुठला. शहरातल्या डॉक्टरांनी रक्त तपासून सिलिॲक नावाचा आजार सांगितला. गव्हाचा, जवाचा कणही तिच्या पोटाला चालणार नाही, आणि चुकून गेलेला कणही आतडं खरवडत राहील, वाढ खुंटेल. घरी येऊन मी खाल्तीला सांगितलं.

"रवा नाही, कुसकुस नाही, भाकरी नाही," ती म्हणाली. "मग पोरीने खायचं काय, वारा?"

"मका चालतो, खाल्ती. तांदूळ चालतो."

"आधी सांगायचंस ना. मक्याची भाकरी तर मी डोळे मिटून करते."

तिने केलीही, रोज, ऑलिव्हच्या तेलात बुडवून. पोट मात्र उतरेना. एक दिवस ती एका शेजारणीला साबणाचं ते नेहमीचं सांगत होती आणि माझ्या हातातला ग्लास तसाच राहिला. शेजारीण गेल्यावर मी विचारलं, "खाल्ती, तुमचं हे खापर किती वर्षं गहू पीत आलंय?"

तिने हातातला गोळा परातीत ठेवला.

"माझ्याच तोंडाने सांगत आले की गं," ती म्हणाली.

त्या उन्हाळ्यात तिने तनिनासाठी नवं खापर केलं. मातीत जुन्या खापरांचा चुरा घालायला तयार होईना. मी म्हटलं, जाळात सगळं जळून जातं. "जळू दे. पोरीच्या बाबतीत मी विस्तवाच्याही भरवशावर राहणार नाही." चुऱ्याऐवजी नदीची वाळू मळली. पहिलं तडकलं, दुसरं टिकलं. त्याच्या कानाला लाल चिंधी बांधली आणि भिंतीवर वेगळ्या खिळ्याला टांगलं. उरल्या मातीतून तनिनाला तळहाताएवढं खेळण्यातलं खापर करून दिलं.

मला वाटलं, सुटलो.

शरदात पुन्हा रक्त तपासलं. आकडा जवळपास तिथेच होता. डॉक्टर म्हणाले, कुठून तरी गहू जातोच आहे, शोधा. मी टूथपेस्टच्या मागची अक्षरं वाचली, गोळ्या-चॉकलेटं फेकली, दुकानदाराशी भांडले, झोपलेल्या मुलीच्या तोंडाचा वास घेतला. नवऱ्याने फोनवर सांगितलं, "खाल्तीच्या हातचं बंद कर." ज्या हातांनी त्याला भरवलं त्यांच्याबद्दल तो बोलत होता. पण मलाही कुणाच्या तरी डोक्यावर खापर फोडायचं होतं, आणि समोर एकच डोकं होतं, पांढरं, फुलाफुलांचा रुमाल बांधलेलं.

शुक्रवारी सुट्टी होती. मनात वाक्यं जुळवत मी खाली तिच्या अंगणात गेले. तनिना अंजिराखाली भातुकली खेळत होती. तीन दगडांवर ते छोटं खापर ठेवलेलं. तिने चिमूटभर माती घेतली, खापरावर टाकली, वाकून पाहिलं, फुंकर मारून उडवली आणि मग चिखलाची भाकरी त्यावर ठेवली.

"ते आधी काय टाकलंस?"

"रवा," ती म्हणाली. "तापलंय का बघायला. लाल झाला की तापलं. तुला एवढंही येत नाही, आई?"

"कोण टाकतं असं?"

"खाल्ती. माझ्या भाकरीला पण टाकते."

खाल्ती दारातच उभी होती. तिने ऐकलं होतं.

"मी नाही टाकत," ती म्हणाली. "तिच्या खापरावर कशी टाकेन? मी काय वेडी आहे?"

"करून दाखवा," मी म्हटलं. माझा आवाज मलाच ओळखू येईना.

तिने लाल चिंधीचं खापर चुलीवर चढवलं. मक्याचं पीठ मळता मळता तनिनाला हाक मारली, हात धू म्हणून बजावलं. आणि बोलत असतानाच तिचा उजवा हात मागच्या फळीवरच्या डब्यात गेला, चिमूट घेऊन आला आणि खापरावर सुटला. दाणे लगेच तांबूस झाले. ती फुंकर मारायला वाकली आणि तशीच थांबली.



"बघ ना," ती हळूच म्हणाली. "मला विचारतसुद्धा नाही हा हात."

तिने फडक्याने खापर उतरवलं, अंगणात नेलं आणि दगडावर आपटलं. मग रव्याचा डबा माझ्या हातात दिला. "कुणाला तरी देऊन टाक. माझ्या घरात आता रवा नको."

"तुम्ही काय खाल?"

"तिच्यासोबत मका. माझं कुठे वाढायचं वय आहे आता?"

तिने पुन्हा वाळू मळून नवं खापर घडवलं, पण ओल्या दिवसांत ते वाळायला फार वेळ लागला. तोवर मक्याची भाकरी मी पहाटे वर आमच्या घरी नव्या लोखंडी तव्यावर करून ठेवत होते, आणि खाल्ती ती बोटांनी दाबून बघत असे. या आठवड्यात खापर तयार झालं. मी शाळेत उशिरा जायचं ठरवलं आणि दाराशी उभी राहिले. फळी रिकामी होती. तनिना स्टुलावर, मुठीत मक्याचं पीठ घेऊन. खापर तापलं, खाल्तीचा हात मागे गेला, फळीवर चाचपडला आणि हवेत राहिला.

"माझं काम आहे ते," तनिना म्हणाली आणि पीठ टाकलं.

"टाक बाई. तू बघ, तापलंय का."

रक्त पुन्हा हिवाळा सरल्यावर तपासायचं आहे. तोवर मी रोज खाली उतरते, दाराशी उभी राहते आणि भाकरीकडे न बघता त्या हाताकडे बघते. खाल्तीला ते कळतं. भाकरी टाकायच्या आधी ती हात वर करून मला दाखवते, रिकामा, दोन्ही बाजूंनी.