शोभी पायरीवर बसली

आमच्या बालगृहातले किस्से सांगायला बसलं की चहा गार होतो, पण किस्से संपत नाहीत. वीस वर्षं प्रोबेशन ऑफिसर होते मी. लोक म्हणतात, "नशा करणाऱ्या पोरांच्यात कसलं आलंय हसू?" या की एकदा! एकट्या शोभीचेच ऐका.

*

दोन हजार सालानंतर नवा कायदा आला. नशा करणारं पोर म्हणजे आरोपी नव्हे, त्याला उपचार द्यायचे. आणि पोलिसानं त्याला आणायचं ते साध्या कपड्यांत!

बारा वर्षांची शोभी शाहूपुरीत पंक्चरचं सोल्यूशन रुमालावर ओतून हुंगताना सापडली. हवालदारमामांनी वर्दी उतरवून मेव्हण्याचा शर्ट चढवला. अशा अवस्थेतही पोरगी म्हणते कशी, "मामा, श्वास घिऊ नकासा, बटन उडंल!"

*

बालकल्याण समितीपुढं उभी केली तर ही टेबलाखाली! अध्यक्षबाई साठीच्या, गुडघ्यांनी बेजार. त्या सरळ फरशीवर बसल्या आणि टेबलाखाली डोकं घातलं.

"बोल बाळ, काय म्हणणं तुझं?"

"जेलात घालू नगा."

"जेल नाही. आधी दवाखाना, मग बालगृह."

ऑर्डर तिथंच फरशीवर लिहिली. बाईंना उठवायला आम्ही तिघीजणी लागलो!

*

दवाखान्यातनं आल्यावर बालगृहातले पहिले आठ दिवस फार वाईट गेले. शोभी नशेवाचून तडफडायची, ताट आलं की भिरकावायची. आमची स्वयंपाकीण अक्का निपाणीकडची. ती ताट उचलून परत पुढं ठेवायची.

"फेक गं, स्टीलचं हाय. ताटाला काय हुतंय? तुझाच हात दुखंल!"

नवव्या दिवशी शोभीनं दोन भाकरी खाल्ल्या. अक्का मोरीत जाऊन रडली. मीही रडले, खोटं कशाला सांगू?

*

आणि महिन्यानं पोरगी पळाली! एकदा परत हुंगलं की सगळं पाण्यात. रिक्षा करून गावभर शोधलं. सापडली कुठं? ज्या टायरच्या दुकानातनं सोल्यूशन घ्यायची, त्याच्याच पायरीवर!

मी तिचं तोंड धरून वास घेतला. नुसते चिरमुरे.

"हुंगलो न्हाय बाई. सकाळधरनं बसलोय. सोल्यूशनला आलेली चार पोरं परत लावली."

एवढीशी पोर, अजून स्वतःच धड सावरलेली नाही!

दुकानदार आतून ओरडत होता, "न्या हो हिला! धंद्याचा टाईम हाय. पोरं काय करत्यात मला काय ठावं?"

तेवढ्यात बोळातनं पाचवं पोर आलं. अंगात शाळेचा युनिफॉर्म, मुठीत रुमाल, डोळे तांबडे. शोभीनं त्याचं मनगट धरलं.

दुकानदार धावत आला. "सोड त्याला! माझा पोरगा हाय त्यो!"

"व्हय की काका," शोभी म्हणाली, "रोज आमच्यातच असतोय."